विज्ञान शिक्षक आणि प्रश्ननिर्मिती : मूल्यमापन-प्रशिक्षणाच्या सहा दशकांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

परीक्षापद्धतीवरील टीका भारतीय शिक्षणविचाराला नवीन नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ मध्ये झाली. त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आतच, १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने अध्यापन हे परीक्षेच्या अधीन झाल्याची तक्रार नोंदविली. १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या सॅडलर आयोगानेही परीक्षेच्या वर्चस्वावर बोट ठेवले. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) तर एकच सुधारणा सुचवायची झाली, तर ती परीक्षेची असेल, असा निःसंदिग्ध अभिप्राय दिला. या सर्व चर्चेचा रोख मात्र परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे राहिला. वर्गात दर महिन्याला चाचणी घेणाऱ्या शिक्षकाला प्रश्न तयार करता येतो काय, आणि तो त्याला कोणी शिकविला काय, हा प्रश्न दीर्घकाळ कोणी विचारला नाही.

तो विचारला गेला १९५७ नंतर. प्रस्तुत लेखात त्या काळापासून माध्यमिक शाळांतील, विशेषतः विज्ञान विषयाच्या, शिक्षकांना चाचणीनिर्मितीचे प्रशिक्षण देण्याचे जे प्रयत्न झाले त्यांचा आढावा घेतला आहे. हे प्रयत्न कोणत्या विचारातून निघाले, महाराष्ट्रापर्यंत पोहोचताना त्यांचा कोणता भाग टिकला व कोणता गळून पडला, आणि त्या गळतीची किंमत काय, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका : विश्वसनीयतेचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परीक्षेविषयीची चर्चा मुख्यतः विश्वसनीयतेभोवती फिरत होती. या संदर्भात सर फिलिप हार्टोग यांचे नाव महत्त्वाचे आहे. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू असलेले हार्टोग १९२९ मध्ये अहवाल देणाऱ्या, भारतातील शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. पुढे १९३५ मध्ये त्यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्यासह इंग्लंडमधील परीक्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका अनुभवी परीक्षकांना तपासण्यास दिल्या होत्या. या सर्व उत्तरपत्रिकांना मूळ परीक्षेत सारखेच मध्यम गुण मिळालेले होते. काही काळाने त्याच उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय बदलले. तोच परीक्षक, तीच उत्तरपत्रिका, आणि निकाल मात्र वेगळा, हे चित्र शिक्षणक्षेत्राला हादरविणारे होते.

या निष्कर्षातून वस्तुनिष्ठ प्रश्नांचा पुरस्कार बळावला. मापनशास्त्राची ओळख मुंबई प्रांताला या काळात झालेलीच होती. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे मराठी व कन्नड भाषांसाठी केलेले अनुकूलन व त्यावरील ग्रंथ (१९४०) ही त्याची ठळक साक्ष होय. परंतु बुद्धिमापन हे तज्ज्ञांचे काम राहिले. मापनाची ही दृष्टी भौतिकशास्त्राच्या किंवा जीवशास्त्राच्या तासाला उपयोगी पडेल, असा सेतू बांधला गेला नव्हता. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बाह्य परीक्षांची संख्या कमी करणे, वस्तुनिष्ठ कसोट्यांचा वापर करणे आणि शालेय अभिलेखांना अंतिम निर्णयात स्थान देणे अशा शिफारशी केल्या. त्यांची अंमलबजावणी करावयाची, तर ती शेवटी शिक्षकाच्याच हातून व्हावी लागणार होती.

ओहायो ते शिकागो : मूळ विचार

भारतात आलेल्या मूल्यमापनविचाराचा उगम अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात सापडतो, आणि तो उगम विज्ञानाच्या अध्यापनातच आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. १९२९ पासून तेथे काम करणाऱ्या राल्फ टायलर यांच्याकडे जीवशास्त्राचे प्राध्यापक आपल्या परीक्षांविषयीच्या अडचणी घेऊन येत. टायलर त्यांना आधी प्रश्नांचे नमुने दाखवीत नसत. ‘तुमचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला काय करता यावे, असे तुम्हांला वाटते?’ या आशयाची विचारणा ते प्रथम करीत. प्राध्यापकांचे उत्तर बहुधा असे असे, की विद्यार्थ्याने तत्त्वांचा नव्या परिस्थितीत उपयोग करावा व प्रयोगाच्या निरीक्षणांवरून अनुमान काढावे. त्यांच्या प्रश्नपत्रिका मात्र प्राण्यांच्या अवयवांची नावे विचारीत. उद्दिष्ट आणि प्रश्न यांतील ही दरी दाखविणे, हे टायलर यांचे पहिले योगदान.

दुसरे योगदान पुराव्याचे. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांची वर्षाहून अधिक काळाने पुन्हा परीक्षा घेतली असता, अवयवांची नावे ते मोठ्या प्रमाणात विसरल्याचे आढळले. परंतु तत्त्वांचे उपयोजन करण्याची क्षमता जवळजवळ तशीच राहिली होती, आणि नव्या प्रयोगांचा अर्थ लावण्याच्या क्षमतेत तर वाढ झालेली होती. १९३३ च्या सुमारास पुढे आलेल्या या निष्कर्षाचा अर्थ स्पष्ट होता. शाळा-महाविद्यालयांतील परीक्षा जे तपासतात ते टिकत नाही, आणि जे टिकते ते परीक्षा तपासत नाहीत.

टायलर यांचे विद्यार्थी व सहकारी बेंजामिन ब्लूम हे शिकागो विद्यापीठात परीक्षाविभागाचे प्रमुख होते. त्यांच्या संपादनाखाली १९५६ मध्ये बोधात्मक क्षेत्रातील शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध झाले. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन या सहा पातळ्या आज प्रत्येक बी.एड. विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. मात्र त्या ग्रंथातील एक महत्त्वाची सूचना मागे पडली. एखादा प्रश्न कोणत्या पातळीचा आहे हे ठरविण्यासाठी विद्यार्थ्याला आधी काय शिकविले गेले हे माहीत असावे लागते, अशी ती सूचना होय. ती मागे पडल्यामुळे काय घडले, याकडे पुढे वळावयाचे आहे.

भारतातील आगमन : १९५७ ते १९६६

केंद्र शासनाने १९५५ मध्ये अखिल भारतीय माध्यमिक शिक्षण परिषदेची स्थापना केली. परिषदेने १९५६ मध्ये भोपाळ येथे परीक्षांवर परिसंवाद घेतला आणि त्यानंतर ब्लूम यांना भारतात पाचारण केले. १९५७-५८ मध्ये ब्लूम यांनी देशाच्या विविध भागांत माध्यमिक शिक्षक व प्रशिक्षण महाविद्यालयांतील अध्यापक यांच्यासाठी कार्यशाळा घेतल्या. या कार्यशाळांचे वैशिष्ट्य हे, की त्यांत व्याख्यानांपेक्षा प्रत्यक्ष कामावर भर होता. विषयवार गटांत बसून शिक्षकांनी आपल्या विषयाची उद्दिष्टे लिहावयाची, त्यांचे निरीक्षणक्षम वर्तनात रूपांतर करावयाचे, त्या वर्तनाचा पुरावा देणारे प्रश्न तयार करावयाचे आणि इतर गटांच्या टीकेनंतर ते सुधारावयाचे, असा क्रम होता.

या कामातून १९५८ मध्ये केंद्रीय परीक्षा विभाग आकाराला आला. निवडक मूल्यमापन अधिकाऱ्यांना शिकागो येथे ब्लूम यांच्या मार्गदर्शनाखाली प्रशिक्षण देण्यात आले. १ सप्टेंबर १९६१ रोजी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (एन.सी.ई.आर.टी.) स्थापन झाल्यावर हे कार्य तिच्याकडे आले. आर. एच. दवे यांच्यासारखे शिकागो येथे संशोधन केलेले अभ्यासक या परंपरेतलेच होते. कारक क्षेत्रातील उद्दिष्टांची त्यांनी १९७० मध्ये केलेली मांडणी आजही अध्यापक शिक्षणात शिकविली जाते. दरम्यान प्रशिक्षण महाविद्यालयांना जोडलेल्या विस्तारसेवा विभागांमार्फत मूल्यमापनाच्या कार्यशाळा राज्याराज्यांत होऊ लागल्या. मंडळांच्या पातळीवर राजस्थानने १९६४ च्या सुमारास प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यात सुधारणा करण्यास प्रारंभ केला.

याच काळात विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा दुसरा प्रवाह स्वतंत्रपणे वाहत होता. १९६३ पासून अमेरिकी साहाय्याने विद्यापीठांत माध्यमिक विज्ञान शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरविले जाऊ लागले. त्यांत नव्या अभ्यासक्रमांचा आशय आणि प्रयोग यांवर भर होता. आशय शिकविणारे प्राध्यापक एका बाजूला व मूल्यमापन शिकविणारे शिक्षणशास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला, अशी जी विभागणी तेव्हा पडली, ती अध्यापक शिक्षणात आजतागायत पूर्णपणे मिटलेली नाही. टायलर यांच्याकडे प्राणिशास्त्राचा प्राध्यापक स्वतः चालत आला होता. भारतात या दोघांची गाठ क्वचितच पडली.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) परीक्षासुधारणेला आणखी बळ दिले. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांची कर्मभूमी गारगोटी व कोल्हापूर परिसर होता. आयोगाने बाह्य परीक्षेतील प्रश्न उद्दिष्टनिष्ठ करणे, प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना प्रशिक्षण देणे आणि शाळांतर्गत मूल्यमापनाला महत्त्व देणे या तिन्ही गोष्टींचा पुरस्कार केला.

महाराष्ट्र : संविधान तक्त्याचे राज्य

१ जानेवारी १९६६ रोजी महाराष्ट्र राज्य माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आले. त्यानंतरच्या दशकांत मूल्यमापनाची नवी परिभाषा मराठीत रुळली. ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’, ‘वर्तनबदल’, ‘घटक चाचणी’, ‘संविधान तक्ता’, ‘प्रश्नपेढी’, ‘काठिण्यमूल्य’, ‘भेदनक्षमता’ हे शब्द प्रशिक्षण महाविद्यालयांच्या नित्य व्यवहारात आले. बी.एड. च्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी-शिक्षकाने एका घटकावर चाचणी तयार करणे अनिवार्य झाले. त्यासाठी उद्दिष्टे, आशय आणि प्रश्नप्रकार यांचे गुणभार दाखविणारा संविधान तक्ता काढावयाचा, आदर्श उत्तरे व गुणदान योजना जोडावयाची, अशी पद्धत रूढ झाली.

या पद्धतीचे श्रेय नाकारता येणार नाही. संविधान तक्त्यामुळे प्रश्नपत्रिकेत आशयाचे संतुलन आले. ‘टीपा लिहा’ आणि ‘सविस्तर वर्णन करा’ एवढ्यावरच भागविणाऱ्या जुन्या प्रश्नपत्रिकेपेक्षा वस्तुनिष्ठ, लघुत्तरी व दीर्घोत्तरी प्रश्नांची वाटणी करणारी प्रश्नपत्रिका निश्चितच न्याय्य होती. हार्टोग यांनी दाखविलेला दोष तिने काही अंशी दूर केला.

तथापि या प्रवासात तीन गोष्टी बदलल्या. पहिली अशी, की ब्लूम यांच्या सहा पातळ्यांचे व्यवहारात ज्ञान, आकलन, उपयोजन व कौशल्य अशा चार उद्दिष्टांत रूपांतर झाले. सोयीच्या दृष्टीने हे योग्य असले, तरी विश्लेषण आणि पुराव्याचे परीक्षण या विज्ञानाच्या गाभ्याच्या क्षमतांना स्वतंत्र रकाना उरला नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. प्रश्नाची पातळी त्याच्या क्रियापदावरून ठरविण्याची सवय लागली. ‘सांगा’ म्हटले की ज्ञान, ‘फरक स्पष्ट करा’ म्हटले की आकलन, ‘कारणे द्या’ म्हटले की उपयोजन, असे समीकरण तयार झाले. ‘कारणे द्या : लोखंडी वस्तूंना रंग देतात’ हा प्रश्न पाहावा. तक्त्यात तो उपयोजनाच्या रकान्यात बसतो. परंतु पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात तोच प्रश्न असेल, वर्गात त्याचे उत्तर फळ्यावर लिहून दिलेले असेल आणि अपेक्षित प्रश्नसंचात ते छापलेले असेल, तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो निव्वळ स्मरणाचा प्रश्न होय. याउलट, विहिरीतील पंपाचा नळ पाण्याच्या पातळीजवळच अधिक का गंजला आहे, असे एखाद्या खेड्यातील शिक्षकाने विचारले आणि ते वर्गात आधी चर्चिले गेले नसेल, तर विद्यार्थ्याला हवा व पाणी या दोन्ही घटकांची आवश्यकता स्वतः जोडून पाहावी लागते. दोन्ही प्रश्न एकाच तत्त्वावर आहेत. त्यांतील भेद शब्दरचनेत नसून विद्यार्थ्याच्या पूर्वानुभवात आहे.

ब्लूम यांच्या ग्रंथातील मागे पडलेली सूचना नेमकी हीच होती, आणि तिच्यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. प्रश्न खरोखर उपयोजनाचा आहे की नाही हे पुण्यात किंवा दिल्लीत बसलेल्या प्रश्नपत्रिकाकाराला कळू शकत नाही. ते फक्त त्या वर्गाला शिकविणाऱ्या शिक्षकालाच कळते. म्हणून वर्गातील चाचणी ही मंडळाच्या परीक्षेची छोटी आवृत्ती नव्हे. ती जे तपासू शकते ते मंडळाची परीक्षा तत्त्वतःच तपासू शकत नाही. प्रत्यक्षात मात्र घटक चाचणीची रचना मंडळाच्या प्रश्नपत्रिकेच्या नमुन्यावर बेतली गेली, आणि जे काम एकटा शिक्षक करू शकला असता तेच कोणी करीनासे झाले.

तिसरी गोष्ट प्रश्नविश्लेषणाची. प्रशिक्षणात तक्ता तयार होई, चाचणी होई, गुणही दिले जात. परंतु उत्तरांकडे पुन्हा वळून प्रश्न तपासण्याची पायरी बहुधा पाठ्यपुस्तकातील सूत्रापुरती राहिली.

प्रश्नविश्लेषण : गाळलेली पायरी

ही पायरी किती सोपी व किती उपयुक्त आहे, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के व खालचे २७ टक्के विद्यार्थी घेऊन त्यांच्या उत्तरांची तुलना करणे सोयीचे ठरते. नववीच्या वर्गात ५४ विद्यार्थी आहेत असे समजू. म्हणजे प्रत्येक गटात साधारण १५ विद्यार्थी येतील. प्रश्न असा : पृथ्वीवरील एक दगड चंद्रावर नेला तर त्याच्या (अ) फक्त वस्तुमानात, (आ) फक्त वजनात, (इ) वस्तुमान व वजन या दोहोंत, (ई) दोहोंपैकी कशातही नाही, बदल होईल? वरच्या गटातील १३ व खालच्या गटातील ५ विद्यार्थ्यांनी ‘आ’ हे अचूक उत्तर दिले. तर काठिण्यमूल्य ३० पैकी १८, म्हणजे ०.६० येते. भेदनक्षमता १५ पैकी ८, म्हणजे सुमारे ०.५३ येते. प्रश्न ना फार सोपा, ना फार कठीण, आणि तो समजलेल्या व न समजलेल्या विद्यार्थ्यांत भेद करू शकतो.

परंतु शिक्षकाच्या दृष्टीने खरी माहिती पुढे आहे. खालच्या गटातील उरलेल्या १० जणांपैकी ८ जणांनी ‘इ’ हा पर्याय निवडला असेल, तर त्यांनी अंदाजाने खूण केलेली नाही. वस्तुमान आणि वजन हे त्यांच्या मनात एकच आहे, आणि बाजारात किलोग्रॅममध्ये ‘वजन’ करण्याची रोजची भाषा त्यामागे आहे. ही चूक गुण कापून दूर होणार नाही. त्यासाठी ताणकाटा व तराजू यांचा एक तास पुन्हा घ्यावा लागेल. उलट, वरच्या गटातीलच अनेक विद्यार्थी चुकीच्या पर्यायाकडे वळले असतील, तर दोष प्रश्नाच्या भाषेत किंवा अध्यापनात शोधावा लागेल. चांगला चुकीचा पर्याय कोणता, हे विद्यार्थ्यांच्या आधीच्या उत्तरांतूनच कळते. ते कोणत्याही हस्तपुस्तिकेतून कळत नाही.

विज्ञानातील उत्तरे भाषेमुळेही चुकतात, याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने महाराष्ट्राचे लक्ष वेधले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ मध्ये सुरू झालेल्या आणि वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांबरोबर काम केले. पाठ्यपुस्तकाची संस्कृतप्रचुर, लांब वाक्यांची भाषा हा विज्ञान समजण्यातील अडसर आहे, हे लक्षात घेऊन केंद्राने भाषा सुलभ करण्याचे प्रयत्न केले. या अनुभवाचा चाचणीनिर्मितीशी थेट संबंध आहे. प्रश्नच समजला नाही, तर उत्तर चुकल्यावरून विज्ञान समजले नाही असे म्हणता येत नाही. सप्रमाणतेचा हा प्रश्न पहिल्या पिढीतील शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत न्यायाचा प्रश्न बनतो.

होशंगाबाद : वेगळी वाट

शिक्षकाच्या हाती प्रश्न सोपविण्याचा सर्वांत दीर्घ भारतीय प्रयोग मध्य प्रदेशात झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये होशंगाबाद (आज नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शासकीय शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. तेथे या वर्गांना माध्यमिक शाळा म्हणतात. महाराष्ट्रात ते उच्च प्राथमिक स्तरात मोडतात. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात पसरला, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने त्याची धुरा सांभाळली, आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला.

‘बाल वैज्ञानिक’ या कार्यपुस्तकांवर आधारलेल्या या कार्यक्रमात मुले गटात प्रयोग करून निष्कर्ष काढीत. साहजिकच जुनी परीक्षा तेथे निरुपयोगी होती. म्हणून लेखी परीक्षेत पुस्तक व वही उघडून उत्तरे लिहिण्याची मुभा देण्यात आली आणि तिच्या जोडीला प्रत्येक विद्यार्थ्याची प्रात्यक्षिक परीक्षा ठेवण्यात आली. पुस्तक समोर उघडे असताना स्मरणाचा प्रश्न विचारणे निरर्थक ठरते. प्रश्नकर्त्याला नवी परिस्थिती, नवा तक्ता, नवे निरीक्षण शोधणे भागच पडते. जे काम संविधान तक्त्यातील ‘उपयोजन’ या रकान्याला साधले नाही, ते या एका नियमाने साधले.

या कार्यक्रमाच्या प्रशिक्षणाची रचनाही लक्षणीय होती. उन्हाळी प्रशिक्षणानंतर शिक्षकांना वाऱ्यावर सोडले जात नसे. शाळांच्या समूहासाठी असलेल्या संगम केंद्रांवर मासिक बैठका होत. तेथे शिक्षक एकमेकांच्या अडचणी, मुलांची उत्तरे व प्रश्न यांवर चर्चा करीत. प्रश्ननिर्मिती, उत्तरपत्रिकांची तपासणी आणि उत्तरांचे विश्लेषण या कामांत शिक्षकांचा सहभाग असे. म्हणजेच गाळली गेलेली पायरी येथे मध्यवर्ती होती. ब्लूम यांच्या कार्यशाळांतील ‘तयार करा, दाखवा, टीका ऐका, सुधारा’ हे चक्र एका आठवड्यापुरते न राहता वर्षभर फिरत राहिले.

२००९ नंतरचा कालखंड

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाला कायद्याचे अधिष्ठान दिले. त्याच वर्षी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववी-दहावीसाठी ही पद्धत स्वीकारली. ती २०१७ मध्ये मागे घेण्यात आली. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी आकारिक व संकलित मूल्यमापन सुरू झाले. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प इत्यादींबरोबर पुस्तकासह चाचणीचाही समावेश होता. होशंगाबादचा कार्यक्रम बंद पडल्यानंतर आठ वर्षांनी त्याच्या परीक्षेचा एक विशेष महाराष्ट्राच्या शासकीय कागदावर अवतरला, हे इतिहासाच्या दृष्टीने नोंद घेण्यासारखे आहे.

परंतु साधन आले तरी ते वापरण्याचे कौशल्य त्याबरोबर आपोआप आले नाही. पुस्तकासह चाचणीत पुस्तकातूनच उतरवून काढता येतील असे प्रश्न विचारले गेले, तर त्या साधनाचा हेतूच नष्ट होतो. वर्णनात्मक नोंदींचे तयार नमुने शिक्षकांत फिरू लागले, आणि निरीक्षणाची जागा पुन्हा नक्कल करण्याने घेतली. संविधान तक्त्याच्या बाबतीत जे घडले होते त्याचीच ही पुनरावृत्ती होती. आकृतिबंध पोहोचला, पण त्यामागची विचारप्रक्रिया पोहोचली नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने क्षमताधिष्ठित मूल्यमापन, ‘परख’ ही राष्ट्रीय मूल्यमापन संस्था आणि शिक्षकांसाठी दरवर्षी किमान ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास यांची शिफारस केली. ‘परख’ २०२३ मध्ये कार्यान्वित झाली. या ५० तासांत शिक्षकांना नव्या शब्दावलीचा परिचय करून दिला जाईल, की त्यांच्यासमोर त्यांच्याच वर्गाच्या उत्तरपत्रिका ठेवल्या जातील, यावर या धोरणाचे वर्गातील फलित अवलंबून राहील.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. माध्यमिक शिक्षकांच्या चाचणीनिर्मिती-प्रशिक्षणाचा प्रारंभ भारतात १९५७-५८ मध्ये झाला. त्यामागील विचार मुळात विज्ञान अध्यापनाच्या अनुभवातून जन्मलेला होता.

२. या विचाराचा रचनात्मक भाग, म्हणजे उद्दिष्टे, प्रश्नप्रकार व संविधान तक्ता, व्यवस्थेत स्थिरावला. त्याचा शोधक भाग, म्हणजे उत्तरांवरून प्रश्न तपासणे व सुधारणे, स्थिरावला नाही.

३. प्रश्नाची बोधात्मक पातळी त्याच्या क्रियापदात नसून प्रश्न आणि वर्गातील पूर्वाध्यापन यांच्या नात्यात असते. त्यामुळे वर्गशिक्षकाच्या प्रश्ननिर्मितीला केंद्रीय प्रश्नपत्रिका किंवा प्रश्नपेढी पर्याय ठरू शकत नाही.

४. होशंगाबादच्या अनुभवावरून असे दिसते, की पुस्तक उघडे ठेवण्यासारखा साधा नियम आणि शिक्षकांच्या नियमित बैठका यांचा संयोग झाल्यास सामान्य शासकीय शाळेतील शिक्षकही चांगले प्रश्न निर्माण करू शकतो.

५. अध्यापक महाविद्यालयांतील चाचणी-प्रात्यक्षिकात किमान एका चाचणीचे दोन मसुदे अपेक्षित ठेवावेत. पहिला मसुदा वर्गात वापरण्यापूर्वीचा आणि दुसरा उत्तरांच्या विश्लेषणानंतरचा असावा, आणि गुण दुसऱ्या मसुद्यातील बदलांच्या कारणमीमांसेला द्यावेत. त्यासाठी नवा खर्च किंवा नवी यंत्रणा लागत नाही.

समारोप

परीक्षासुधारणेच्या प्रत्येक लाटेने महाराष्ट्राच्या शाळेत एक नवा तक्ता आणला. ते तक्ते निरुपयोगी नव्हते. परंतु प्रश्न ही भरावयाची जागा नसून विद्यार्थ्याच्या मनात डोकावण्याचे साधन आहे, ही टायलर यांची मूळ दृष्टी त्या रकान्यांत हरवत गेली. जो शिक्षक स्वतः प्रयोग करतो, अपेक्षेपेक्षा वेगळे निरीक्षण आले तर त्याचे कारण शोधतो आणि मांडणी बदलून प्रयोग पुन्हा करतो, त्याला विज्ञानाची रीत शिकवावी लागत नाही. ती रीत त्याने आपल्या चाचणीलाही लावावी, एवढेच प्रशिक्षणाने साधावयाचे आहे. गुणपत्रकावर आकडा चढल्यानंतर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधून ठेवण्यापूर्वी शिक्षकाने तो एकदा आपल्या प्रश्नांचा अहवाल म्हणून वाचला, तर पुढचा पाठ आणि पुढची चाचणी या दोहोंची दिशा त्याला त्यातच सापडेल.